उतारवयांतील निवास : निवड कोणीं व कशी करावी ?

आईवडिलांस "आश्रमांत ठेवलें" हे शब्द आपल्या समाजांत अजून चारचौघांत उच्चारले जात नाहींत. बोलावयाचेंच झालें तर "नाशिकला हवापालटासाठीं गेले आहेत" असें कांहींतरी सांगण्यांत येतें. हा संकोच समजण्यासारखा असला, तरी त्याचा एक परिणाम फार अनिष्ट होतो. ज्या गोष्टीविषयीं बोलावयाचेंच नाहीं, तिची चौकशीहि मोकळेपणानें होत नाहीं. मग एखाद्या रात्रीं आजोबा न्हाणीघरांत पडतात, खुब्याचें हाड मोडतें, रुग्णालयांतून आठ दिवसांनीं घरीं न्यावयास सांगतात, आणि त्या आठ दिवसांत जी जागा सांपडेल ती घेतली जाते. मुलीचें स्थळ पाहतांना तीन पिढ्यांची माहिती काढणारे आपण, आईच्या अखेरच्या दहा वर्षांची जागा मात्र फोनवरून ठरवितों.

संयुक्त कुटुंब होतें तेव्हां हा प्रश्नच नव्हता, असें नेहमीं म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें. प्रश्न होताच, तो अंगावर घेणारीं माणसें घरांत होतीं, इतकेंच. बालविधवा आत्या, मूलबाळ नसलेली काकू, थोरली सून यांनीं अंथरुणास खिळलेल्या माणसांचीं लुगडीं-धोतरें धुतलीं, त्यांच्या उशाशीं रात्री जागून काढल्या, आणि त्याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. त्याच आत्याबाई स्वतः थकल्या म्हणजे त्यांना काशीस किंवा नाशकास क्षेत्रवासासाठीं पाठवून देणारीं घरेंहि होतीं, हें मात्र जुन्या घरांचें गुणगान करतांना आपण विसरतों. आज घरची सून सकाळीं नऊला कामावर जाते, नातवंडें परगांवीं किंवा परदेशीं असतात, आणि माणसें पूर्वींपेक्षां अधिक वर्षें जगतात. सन २०११ च्या खानेसुमारींत साठ व त्यावरील वयाचे लोक देशांत सुमारें १० कोटी ३८ लक्ष, म्हणजे शेंकडा ८.६ भरले, महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा ९.९, तर गोव्यांत ११.२ होतें. त्यानंतर तें वाढतच गेलें आहे. तेव्हां वृद्धांच्या निवासाचा विचार करणारें घर म्हणजे मोडलेलें घर, ही समजूत टाकून देऊन निवडीकडे नीट लक्ष द्यावें, हें बरें.

उदाहरणादाखल नाशिकच घेऊं. मुंबई-पुण्याच्या मानानें हें मध्यम आकाराचें शहर. २०११ सालीं तेथील वस्ती सुमारें १४ लक्ष ८६ हजार होती. मुंबईहून अंतर सुमारें १७० किलोमीटर, म्हणजे मुलानें सकाळीं निघावें, आईबरोबर जेवावें आणि रात्रीं परत जावें, इतकें जवळ. अशा शहराचा खरा फायदा जाहिरातींत छापतात तो, द्राक्षमळ्यांचा व डोंगरांचा देखावा, हा नव्हे. देखावा पहिल्या पंधरवड्यांत पाहून संपतो. डॉक्टर, औषधांचें दुकान, बँक आणि देऊळ हीं रिक्षाच्या टप्प्यांत राहतात, हा खरा फायदा. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आलें आहे. ज्या गृहस्थांचा दिवस वर्तमानपत्रावांचून उजाडत नाहीं, त्यांच्या दृष्टीनें निवासापासून वाचनालयापर्यंत जाण्याची सोय कशी आहे, हा प्रश्न पोहण्याच्या तलावाहून पुष्कळ महत्त्वाचा.

मात्र प्रत्येक शहराच्या स्वतःच्या कांहीं अडचणी असतात. त्या तेथील जुन्या रहिवाशांस विचाराव्या. गोदावरीला पूर आला म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढलें, यावरून नाशिककर पुराचें मान सांगतात. २०१६ व २०१९ या दोन्ही वर्षीं ऑगस्ट महिन्यांत नदीकांठचा भाग पाण्याखालीं गेला होता. तेव्हां कांठावरील जागा कितीहि रमणीय असो, ज्याला जिना उतरतां येत नाहीं अशा माणसासाठीं ती घेऊं नये. दुसरी गोष्ट सिंहस्थाची. २०१५ सालीं तो झाला. त्यापुढचा २०२६-२७ चा. पर्वणीच्या दिवशीं रामकुंड-पंचवटीकडील रस्ते वाहनांस बंद असतात. त्या दिवशीं छातींत कळ आलेल्या माणसास कोणत्या वाटेनें रुग्णालयांत नेणार, असें व्यवस्थापकास अवश्य विचारावें. उत्तर काय मिळतें यापेक्षां तें किती लवकर मिळतें, याकडे लक्ष असूं द्यावें.

आतां निवासाच्या प्रकारांविषयीं. जाहिरातींतील नांवांवर मुळींच जाऊं नये, कारण एकाच नांवाखालीं निरनिराळ्या गोष्टी पुढें केल्या जातात. धर्मादाय संस्थांचे वृद्धाश्रम हा एक प्रकार. निवृत्तांची वसाहत हा दुसरा. येथें फ्लॅट विकत किंवा मोठी ठेव देऊन घ्यावयाचा, भोजनगृह व देखभाल सामाईक. पण राहणारा माणूस आपल्या पायांवर हिंडता-फिरता आहे, असें तेथें गृहीत धरलेलें असतें. तिसरा प्रकार साहाय्यित निवासाचा. स्नान घालावयास, वेळच्यावेळीं औषध द्यावयास तेथें माणूस असतो. नळीनें अन्न देणें, जखमांची मलमपट्टी करणें, हें याच्याहि पलीकडचें, शुश्रूषागृहाचें काम. घोटाळा होतो तो असा कीं, वडिलांना गरज तिसऱ्या प्रकाराची असते आणि घेतला जातो दुसरा, कारण त्याचा बगीचा सुंदर असतो!

गरज कोणती हें ओळखण्यास एक साधें साधन आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनीं १९६३ सालीं वृद्धांच्या स्वावलंबनाचें माप म्हणून सहा नित्याच्या क्रिया सांगितल्या : स्नान, कपडे घालणें, शौचास जाणें, अंथरुणांतून उठून खुर्चीवर बसणें, मलमूत्रावर ताबा राखणें, आणि स्वतःच्या हातानें जेवणें. या सहा कागदावर लिहाव्या व आज जींत मदत लागते तिच्यापुढें खूण करावी. बहुतेक घरांत पहिली खूण स्नानापुढें पडते. हा कागद घेऊनच निवास पाहावयास जावें, आणि सरळ विचारावें : यांपैकीं कितव्या खुणेपर्यंत तुम्ही आमच्या आईला ठेवून घ्याल, आणि कितव्या खुणेला परत न्या म्हणाल ? स्मृतिभ्रंश झाला, रात्रीं उठून ती दार उघडूं लागली, तर काय ? आमच्या मतें साऱ्या चौकशींतील हाच मुख्य प्रश्न होय. आज सर्व ठीक असतांना कोणतीहि जागा चांगलीच दिसते. पांच वर्षांनीं, माणूस अधिक थकल्यावर, त्याला पुन्हां बिऱ्हाड हलवावें लागणें यासारखें दुःख नाहीं.

इमारतीविषयीं फार लिहीत नाहीं. महाराष्ट्रांतील स्थावर संपदा प्राधिकरणानें, ज्यास लोक महारेरा म्हणतात, ज्येष्ठांची वसाहत म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांकरितां २०२४ सालीं नियम घालून दिले आहेत. दारें निदान ९०० मिलिमीटर रुंद, चाकांची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, जिन्यास दोन्ही बाजूंस कठडा, न्हाणीघरांत न घसरणारी फरशी व धरावयास दांडा, अशा त्या अटी आहेत. जागा भाड्याची असली तरी हींच मापें खिशांत ठेवावीं.

खरी परीक्षा रात्रीची. पाहणीस जावयाचें तें रविवारीं सकाळीं, चहा-बिस्किटांच्या वेळीं नव्हे. एकदां कळवून जावें. दुसऱ्यांदा न कळवितां रात्रीं आठाच्या सुमारास, आणि शक्य तर भर पावसाळ्यांत, म्हणजे छत कोठें गळतें आणि वीज गेल्यावर काय होतें, हें दोन्ही कळेल. रात्रपाळीस माणसें किती, तीं कोणत्या मजल्यावर असतात, हें पाहावें. खाटेजवळची घंटा दाबून घड्याळ लावून बसावें. काम करणाऱ्या बायकांशीं चार शब्द बोलावे, "मावशी, इथं किती दिवस झाले तुम्हांला?" या एका प्रश्नानें छापील माहितीपुस्तकापेक्षां अधिक कळतें. साऱ्याजणी दोन-तीन महिन्यांच्याच निघाल्या, तर तेथें पगार तरी वेळेवर होत नाहीं किंवा वागणूक तरी बरी नाहीं. एकादशीस उपवासाचें मिळतें का, देव्हारा मांडतां येईल का, हेंहि विचारावें; त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र दांत नसलेल्या माणसास मऊ भात मिळतो कीं नाहीं, हें त्याआधीं पाहावें.

यानंतर करारपत्र. दरमहाचा आकार आज ३०,००० रुपये धरला व दरवर्षीं शेंकडा ८ वाढ धरली, तर नऊ वर्षांत तो ६०,००० च्या घरांत जातो. हा हिशेब घरीं बसून आधींच करावा. वाढ कोणत्या दरानें होईल, ठेवींतून काय कापलें जाईल, दोघांपैकीं एक गेल्यावर दुसऱ्याचें काय, हें लेखी असावें. आरोग्यविम्यावर विसंबूं नये; विमा रुग्णालयांतील उपचारांचा असतो, नुसत्या राहण्याचा व सांभाळाचा खर्च त्यांतून मिळत नाहीं. मुखत्यारपत्राविषयींहि सुशिक्षितांत एक गैरसमज आढळतो. वडिलांची बुद्धि चालेनाशी झाली म्हणजे तें उपयोगी पडेल, अशी समजूत असते. वस्तुतः १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणें, मुख्य माणसाचें मन ठिकाणावर राहिलें नाहीं कीं मुखत्यारी संपते. तेव्हां बँकेचें खातें दोघांच्या नांवें करणें, मृत्युपत्र, हीं कामें वडील शुद्धींत असतांनाच उरकावीं. राहतें घर मुलाच्या नांवें करून निवासांत जाणाऱ्यांनीं तर, माझा सांभाळ करावा लागेल ही अट दानपत्रांत शब्दशः घालून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचें कलम २३ अशा वेळीं आधार देतें. पण ती अट सिद्ध व्हावी लागते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें आहे. मुलावर अविश्वास दाखविल्यासारखें वाटेल, म्हणून पुष्कळजण ही ओळ गाळतात. ती गाळूं नये. सज्जन मुलास तिचा कांहीं त्रास नाहीं.

राहतां राहिला निवड कोणीं करावयाची, हा प्रश्न. आमच्या परिचयांतील एका घरीं तिन्ही मुलांनीं चार जागा पाहून एक पसंत केली व मातोश्रींस सांगितलें. त्या म्हणाल्या, "अरे, पाहिली तुम्हीं तिघांनीं, आणि राहायचं मला ! आधीं मला तिथं चार दिवस जेवूं तर द्या." त्या तेथें पंधरा दिवस राहिल्या, मग मुलांनीं नापसंत केलेल्या दुसऱ्या एका साध्या जागेंत पंधरा दिवस राहिल्या, आणि ती साधी जागाच त्यांनीं घेतली, कारण शेजारच्या खोलींत त्यांच्याच वयाच्या, पहाटे उठून भूपाळ्या म्हणणाऱ्या एक बाई होत्या. असली गोष्ट मुलांच्या यादींत कोठून येणार ? पंधरा दिवसांची किंवा महिन्याची अशी मुभा देण्यास जो निवास तयार नसेल, तो सोडून द्यावा. आणि तो महिना पुरा होईपर्यंत घरांतील त्यांची खोली नातवाच्या अभ्यासासाठीं मोकळी करूं नये. पलंग, देव्हारा, कपाटांतलीं लुगडीं होतीं तशीं राहूं द्यावीं, आणि तशीं आहेत हें त्यांना आवर्जून सांगावें. महिन्यानें त्या "मला घरीं यायचं आहे" म्हणाल्या, तर कारण न विचारतां गाडी घेऊन जावें. कारणें त्या वाटेंत आपण होऊन सांगतील, आणि दुसरी जागा पाहतांना तींच उपयोगी पडतील.