जिप्सी उचलायची कुठून?

मारुती जिप्सीच्या चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग नाहीत, पाटे आहेत. म्हणूनच तिची उंची टप्प्याटप्प्याने, खिसा सांभाळून वाढवता येते.

सर्वांत स्वस्त उपाय लांब शॅकलचा. पाट्याचे एक टोक चासीला पक्के, दुसरे शॅकलला, म्हणजे चासीवरून झुलणाऱ्या जोडपट्टीला. आस साधारण मधोमध. त्यामुळे शॅकल 2 इंच लांबवले तरी गाडी जेमतेम 1 इंच उचलली जाते. उरलेला इंच भूमिती खाते! शिवाय पुढच्या आसाचा कल बदलून स्टिअरिंगचा स्वभावही बदलतो, तेव्हा लोभ आवरलेला बरा.

पुढची पायरी जादा पाट्याची. गाडी उचलली जाते, पण कडक होते. खड्डा थेट कंबरेला कळतो. शॉक ॲब्सॉर्बरही लांब हवेत, नाहीतर जुने पूर्ण ताणले जाऊन निकामी होतात.

मूळ रचनेत पाटे आसाखाली असतात. ते आसावर घेतले की सुमारे 5 इंच एकदम मिळतात. मात्र मग ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे, प्रोपेलर शाफ्टचे कोन सगळेच जुळवावे लागते. स्वस्ताई इथे संपते.

गंमत म्हणजे यातल्या कशानेही डिफरन्शियल जमिनीपासून तसूभर वर जात नाही. ते काम टायरचे: व्यास 2 इंच वाढला, तर खालची मोकळीक 1 इंच वाढते.