विश्लेषण : इंकजेट प्रिंटरचे हेड खरेच ‘गेले’ आहे का? नवे टाकण्याआधी काय तपासावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि पाठोपाठ खरिपाच्या पीकविम्याची. परभणी-हिंगोली मार्गावरील हट्टा (ता. वसमत) येथे किंवा अशा कुठल्याही गावात या दिवसांत सेवा केंद्रे आणि झेरॉक्स सेंटरचे काम वाढते. नेमक्या त्याच वेळी सातबारावर पांढऱ्या रेघा उमटू लागतात, फोटोतला लाल रंग गायब होतो आणि दुरुस्तीवाला सांगतो, ‘हेड गेले.’

जुन्या प्रिंटरला नवे हेड टाकण्याचा खर्च कधी कधी नव्या मशीनच्या जवळपास जातो. पण अनेकदा हेड गेलेले नसते, तुंबलेले असते. काही वेळा तर दोष भलतीकडेच असतो. हे ओळखायचे कसे?

प्रिंट हेड नेमके काय करते?

कागदावर शाईचे सूक्ष्म थेंब सोडणारा भाग म्हणजे प्रिंट हेड. त्यावर केसापेक्षाही बारीक छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. उदाहरणार्थ, एप्सन एल३११० या मॉडेलमध्ये काळ्या शाईसाठी 180 आणि इतर तीन रंगांसाठी प्रत्येकी 59 नोझल असतात.

थेंब सोडण्याच्या पद्धती दोन. कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवली जाते, वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. एप्सन आणि ब्रदरमध्ये वीज मिळताच आकार बदलणारा पिझो स्फटिक शाई दाबतो. हा फरक महत्त्वाचा आहे. तापवणारे हेड शाई संपलेली असताना चालवत राहिले तर आतले सूक्ष्म हीटर जळू शकतात. पिझो हेड जास्त टिकते. मात्र ते बहुतेक प्रिंटरमध्ये आत पक्के बसवलेले असते.

एचपीच्या लहान कार्ट्रिजवाल्या अनेक प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजवरच असते. तिथे कार्ट्रिज बदलले की हेडही नवे मिळते.

हेड तुंबते कशाने?

मुख्य कारण शाई वाळणे. काम संपल्यावर हेड उजव्या कोपऱ्यातल्या रबरी टोपीवर जाऊन बसते, त्यामुळे नोझलला हवा लागत नाही. पण छपाई सुरू असताना वीज गेली, तर हेड मधेच उघडे राहते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे असताना शाई वाळायला वेळ लागत नाही. प्रिंटरचे बटण न दाबता थेट बोर्डाचे बटण बंद करण्याच्या सवयीनेही हेच होऊ शकते.

दुसरे कारण अनेक दिवस प्रिंटर न वापरणे. तिसरे कारण चुकीची शाई. काही मॉडेलमध्ये काळी शाई रंगकणांची म्हणजे पिगमेंट आणि बाकीची विरघळणारी म्हणजे डाय प्रकारची असते. टाकीत भलत्या प्रकारची शाई ओतली तर गाळ धरून नोझल बुजू शकतात.

दोष कुठे आहे, हे कसे कळेल?

आधी ‘नोझल चेक’चे पान काढा. ही सोय प्रिंटरच्या मेन्यूत किंवा संगणकावरील मेंटेनन्स विभागात असते. एकच पान पुरेसे नाही, दोन-तीन पाने काढून शेजारी ठेवा.

• दर वेळी त्याच जागी रेघ तुटत असेल, तर ते नोझल तुंबलेले आहेत.

• तुटण्याची जागा दर वेळी बदलत असेल, तर नळीत हवा आहे किंवा शाई नीट पोहोचत नाही.

• एकच रंग पूर्ण गायब असेल, तर आधी टाकीतली पातळी पाहा. काही जुन्या टाकीवाल्या मॉडेलमध्ये वाहतुकीसाठी शाई बंद करण्याची खटकी असते, ती बंद राहिली आहे का तेही पाहा.

• सर्वच रंग गायब असतील, तर केबल, बोर्ड, रबरी टोपी किंवा शाई ओढणारा पंप यांचीही तपासणी हवी.

• पानावरील सर्व रेघा अखंड असूनही छपाई वाकडी किंवा दुहेरी येत असेल, तर बहुधा हेडचा दोष नाही. अलाइनमेंट करा. हेडच्या मागे आडवी लावलेली पारदर्शक पट्टी शाईने माखली असेल, तरी छपाई बिघडते.

क्लीनिंग किती वेळा करावे?

इथेच बरेच जण घाई करतात. क्लीनिंगमध्ये पंप नोझलमधून शाई ओढतो आणि ती शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. दहा-बारा वेळा क्लीनिंग केले तर टाकी रिकामी होते आणि पॅड लवकर भरतो. पॅड भरल्याची नोंद झाली की प्रिंटर काम थांबवतो.

एप्सनच्या टाकीवाल्या अनेक मॉडेलसाठी कंपनीची सूचना अशी : नोझल चेक आणि क्लीनिंग आलटून-पालटून तीन वेळा करा. फरक पडला नाही तर किमान 12 तास छपाई न करता थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. या वेळात ताजी शाई वाळलेल्या थराला मऊ करते. तरीही जमले नाही तर ‘पॉवर क्लीनिंग’. त्याआधी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर नळ्यांत हवा शिरते. कॅननमध्ये ‘डीप क्लीनिंग’नंतर 24 तास थांबण्याची सूचना असते.

हेड धुता येते का?

हेड सुटे होणाऱ्या मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ कॅननच्या जी मालिकेतील अनेक प्रिंटरमध्ये, येते. पण शेवटचा उपाय म्हणूनच. हेड विनाकारण काढू नये, असे कंपन्या सांगतात. वॉरंटी असेल तर हातच लावू नका.

बोअरचे पाणी वापरू नका, त्यातले क्षार नोझलमध्येच बसतील. डिस्टिल्ड वॉटर घ्या. ते कोमट करून घडी घातलेला, धागे न सुटणारा कपडा भिजवा आणि हेडची नोझलची बाजू त्यावर 10-15 मिनिटे टेकवून ठेवा. तांब्याच्या टिकल्यांना पाणी लागू देऊ नका. इंजेक्शनच्या सिरिंजने जोर लावू नका, आतले सील फाटते. थिनर किंवा पेट्रोल तर नकोच. हेड रात्रभर सुकल्याशिवाय बसवू नका.

एप्सनसारखे आत बसवलेले हेड घरी काढू नये. चपट्या केबलच्या जोडात शाईचा एक थेंब गेला आणि वीज सुरू केली, तर हेडबरोबर मेन बोर्डही जळू शकतो.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

मेकॅनिककडे जाताना नोझल चेकची पाने सोबत न्या. पंप, रबरी टोपी आणि शाई गाळणारा डॅम्पर तपासला का, हे विचारा. ते न पाहता नवे हेड टाकले तर तेही लवकर तुंबू शकते. खर्च आधी लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. हेडबरोबर पॅड, पंप आणि कागद ओढणारे रोलरही थकले असतील, तर जुन्या मशीनवर मोठा खर्च करण्यात अर्थ नाही. काम बहुतांश काळ्या छपाईचे असेल, तर लेझर प्रिंटरचा विचार करा. त्यात पावडर असते, वाळण्याचा प्रश्न नसतो.

वॉरंटीला मुदतीबरोबर पानांचीही मर्यादा असू शकते, ती तपासा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आहे. कंपनीच्या सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. बाद झालेला प्रिंटर ई-कचरा आहे, तो घंटागाडीत टाकू नका.

पुन्हा असे होऊ नये म्हणून?

• प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा. दिवा विझल्यावरच बोर्डाचे बटण बंद करा.

• छपाईत वीज गेली, तर वीज येताच प्रिंटर एकदा चालू करा. हेड आपोआप जागेवर जाते.

• शक्य असेल तर प्रिंटर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर ठेवा.

• आठवड्यातून एकदा सर्व रंगांचे एक पान छापा. एका पानाची शाई नव्या हेडपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.