चिलटाच्या पायावरचे स्फटिक

क जीवनसत्त्वाच्या संश्लेषणाची आकृती पाहिली की गेली कित्येक वर्षे माझी नजर दुसऱ्याच बाणावर अडते. ग्लुकोजला हायड्रोजन देऊन सॉर्बिटॉल, त्यापासून सॉर्बोज, पुढे ॲसिटोन, परमँगनेट, आम्ल. बाकी बाणांवर रसायनांची नावे आहेत. या एका बाणावर मात्र जिवाणूचे नाव आहे.

त्याला कारण आहे. सॉर्बिटॉलच्या सहाही कार्बनांवर एकेक हायड्रॉक्सिल गट असतो. एरवीचे ऑक्सिडीकारक असल्या रेणूवर वाटेल तिथे हल्ला करतात आणि हाती खिचडी येते. व्हिनेगरच्या जिवाणूंच्या कुळातला ग्लुकोनोबॅक्टर शेवटून दुसऱ्या कार्बनावरचा गट तेवढा बदलतो, उरलेल्या पाचांना शिवत नाही. रेणू आता खालचे टोक वर करून वाचला, की डी-ग्लुकोजपासून एल-मालिकेतली साखर तयार झालेली असते. क जीवनसत्त्वाला नेमकी तीच लागते.

ही किमया प्रथम उलगडली ती गाब्रिएल बर्ट्रांड या फ्रेंच शास्त्रज्ञाने, आणि त्याच्याविषयी आपल्याकडे जवळजवळ कोणी लिहीत नाही. 1852 मध्ये पेलूझ या रसायनशास्त्रज्ञाला रोवन झाडाच्या फळांच्या बराच काळ ठेवलेल्या रसात सॉर्बोज सापडले होते. पुढे इतरांनी तोच रस घेतला, तर कधी साखर मिळे, कधी नाही. बर्ट्रांडने 1896 मध्ये दाखवले की ताज्या फळात सॉर्बोज नसतेच; असते ते सॉर्बिटॉल, आणि त्याचे सॉर्बोज करणारा जिवाणू आंबलेल्या रसावर घोंगावणारी चिलटे आणून सोडतात. चिलटे फिरकली नाहीत, तर साखरही नाही!

बर्ट्रांड तिथे थांबला नाही. त्याने जिवाणूला एकामागून एक शर्करा-अल्कोहोले देऊन पाहिली. मॅनिटॉलचे फ्रुक्टोज झाले, ग्लिसरॉलचे डायहायड्रॉक्सिॲसिटोन झाले. डल्सिटॉल आणि झायलिटॉल मात्र तसेच राहिले. त्यातून नियम निघाला: टोकाच्या कार्बनाशेजारचे दोन हायड्रॉक्सिल गट एकाच बाजूला असले, तरच जिवाणू काम करतो. विकराची रचना कोणालाही ठाऊक नसताना केवळ काय बदलते आणि काय नाही यावरून हा नियम काढणे, याला मी रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या तर्कांपैकी एक मानतो. आज विकराची जागाही कळली आहे. हे विकर पेशीपटलात बाहेरच्या अंगाला बसवलेले असते. सॉर्बिटॉलला पेशीत शिरावेच लागत नाही. त्याचे इलेक्ट्रॉन तेवढे श्वसनसाखळीतून ऑक्सिजनकडे जातात आणि सॉर्बोज बाहेरच साचते. म्हणून कारखान्यातल्या टाक्यांत सतत हवा खेळवावी लागते.

झ्युरिकमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांना 1933 च्या सुमारास क जीवनसत्त्व बनवण्यासाठी हीच पायरी हवी होती. संग्रहातले जिवाणू दाद देईनात, तेव्हा त्यांनी बर्ट्रांडची जुनी युक्ती वापरली: सॉर्बिटॉल, यीस्टचा अर्क आणि थोडे व्हिनेगर पेल्यांत घालून ते उघड्यावर ठेवले. एका पेल्यात चिलट बुडाले होते आणि त्याच्या पायापासून सॉर्बोजचे स्फटिक वाढत होते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. 1934 मध्ये बाझलच्या रोश कंपनीने हे जीवनसत्त्व ‘रेडॉक्सॉन’ या नावाने बाजारात आणले.

क जीवनसत्त्वावरील कामासाठी 1937 ची नोबेल पारितोषिके हॉवर्थ आणि सेंट-ज्यॉर्जी यांना मिळाली. राइखश्टाइन यांना 1950 मध्ये मिळाले, तेही अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कामासाठी. बर्ट्रांडला कधीच नाही.

1970 च्या दशकात चिनी शास्त्रज्ञांनी सॉर्बोजनंतरच्या बऱ्याच रासायनिक पायऱ्यांच्या जागीही जिवाणू आणले. बर्ट्रांडची पायरी तशीच राहिली. आपल्याकडे मधुमेहींना दिल्या जाणाऱ्या मिग्लिटॉलच्या निर्मितीतही नायट्रोजनयुक्त सॉर्बिटॉलवर ग्लुकोनोबॅक्टरच त्याच जागी काम करतो. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: राइखश्टाइन संश्लेषण फळ्यावर काढाल, तेव्हा दुसऱ्या बाणावर जिवाणूसोबत बर्ट्रांडचेही नाव लिहा.