टायर पाहता, स्टडही पाहा

वीस वर्षांहून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजार रुपये झाली. तेव्हापासून नागपूरच्या नंदनवनातल्या जुन्या एमएच ३१ गाड्यांच्या दारात एकच हिशेब चालू आहे: ठेवायची की भंगारात द्यायची? ठेवणार असाल तर रंगरंगोटी नंतर करा. आधी चाकाचे स्टड पाहा.

२०२३मध्ये समृद्धी महामार्गावर घासलेल्या टायरच्या गाड्या अडवल्या गेल्या, तेव्हापासून टायरबद्दल आपण जागे झालो. पण ताशी १२० किलोमीटरच्या वेगात तो टायर गाडीला धरून ठेवणाऱ्या स्टडबद्दल कुणी बोलत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

मारुती ८००च्या एका चाकाला चार स्टड, प्रत्येक १२ मिलिमीटर जाडीचा. नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चाक हबवर दाबून धरतो. गाडीचा भार पेलतं ते या दाबातून आलेलं घर्षण. नट सैल पडला की चाक केसभर सरकू लागतं, दर फेऱ्याला स्टड वाकतो आणि एक दिवस तुटतो. तोवर शेजारच्या स्टडनीही जादा मार खाल्लेला असतो. म्हणून एक तुटला तरी त्या चाकाचे चारही बदलावेत, असं माझं ठाम मत आहे.

जास्त आवळणंही तितकंच वाईट. वाटेत पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहिलं, किंवा दुकानात नटवर हवेची गन दाबून धरली, की स्टड मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. आट्यांना तेल लावलं तर तेवढ्याच जोरात ताण आणखी वाढतो.

जुन्या गाडीत आणखी एक घोळ असतो, नटांच्या अदलाबदलीचा. मारुतीच्या स्टडच्या आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर, टोयोटा-होंडाचं १.५. जाडी मात्र तीच. त्यामुळे चुकीचा नट दोन-तीन फेरे चढतो, मग अडतो. तिथे गन लावली की आटे गेलेच.

बदलायचं काम अवघड नाही. जुना स्टड मागे ठोकून काढतात. नव्याच्या मुळाशी बारीक दाते असतात, ते हबच्या भोकात घट्ट बसावे लागतात. प्रेसने दाबणं उत्तम. काही गाड्यांत हबमागे जागाच नसते, तिथे हब उतरवावा लागतो. घाईत अर्धवट बसलेला स्टड पुढे चालताना आत सरकतो आणि नट सैल होतो. म्हणून टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळून घ्या आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पुढच्या पंक्चरला दुकानदाराला एवढंच सांगा: दादा, नट आधी हाताने चढवा, गन नंतर.