गवत राहिले, तर पाखरू राहील

आपल्याकडे चकलीच्या भाजणीचा वास दरवळू लागतो, त्याच सुमारास अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात लोक बंदुका पुसू लागतात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी तेथे फेझंटच्या शिकारीचा मोठा हंगाम उघडतो. हे पाखरू आपल्या रानकोंबड्याचे भाऊबंद; मूळचे चीनकडचे, तेथे मुद्दाम नेऊन सोडलेले. १९१९ साली पहिली शिकार झाली, ती अवघी एक दिवसाची! आजही माणशी दिवसाला तीनच नर मारावेत, मादीला हात लावू नये, असा दंडक आहे.

‘यंदा हंगाम कसा?’ असे विचारा. शिकारी मक्याकडे बोट दाखवील. मका उभा असेतो पाखरे त्यात दडतात. कापणी झाली की गवतात येतात आणि कुत्र्यांना सापडतात.

पण खरे भवितव्य ठरते ते वसंतात, मादीच्या गवतातल्या घरट्यात. १९८५ च्या कायद्यान्वये सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन जमिनी गवताखाली ठेवविल्या, पाखरे वाढली. पुढे मक्याला भाव आला, गवतावर नांगर फिरला आणि पाखरे रोडावली. वाचकहो, बंदुकीला जे साधले नाही, ते नांगराने केले!