उडी आणि धाव : अंदाज नको, मोजमाप हवे

व्यापारी घरात वजन-मापाची शिकवण बालपणीच मिळते. काटा खरा असेल तरच सौदा खरा, आणि रोजमेळ लिहिलेला असेल तरच नफा-तोटा उमगतो. मुलांच्या शरीरशक्तीविषयी मात्र आपण निव्वळ अंदाजाने बोलतो. ‘हा जात्याच चपळ’, ‘हिच्या पायात वेगच नाही’ असा निकाल एकदा घरात लागला की मूल हळूहळू मैदानापासून दूर जाते.

या अंदाजाची किंमत कसबा बावड्यातील पोलीस मैदानावर भरतीच्या वेळी कळते. शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत १०० मीटर धावेला १५ गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धाव आणि गोळाफेक ही चाचणीची उरलेली अंगे होत. शंभर मीटरमध्ये अर्ध्या सेकंदानेही गुण हातचे जाऊ शकतात. म्हणून आपली खरी वेळ आधीच ठाऊक असणे अगत्याचे आहे.

घरी हातघड्याळाने घेतलेली वेळ बहुधा फसवी असते. इशारा ऐकून बोट दाबेपर्यंत धावणारा निघालेला असतो. त्यामुळे वेळ कमी दिसते. १०० मीटरच्या हाताने घेतलेल्या वेळेची विद्युत्-यंत्राच्या वेळेशी तुलना करताना तीत ०.२४ सेकंद मिळवण्याचा संकेत आहे. घरच्या १२.४ सेकंदांना यंत्र सुमारे १२.६ म्हणेल, हे मनात धरूनच तयारी करावी.

शंभर मीटरबरोबरच पहिल्या ३० मीटरची वेळही वेगळी नोंदवावी. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिल्या २० मीटरला त्याला २.८९ सेकंद लागले. पुढे ६० ते ८० मीटर हे तेवढेच अंतर त्याने १.६१ सेकंदांत कापले. प्रारंभी जमीन मागे रेटण्याचे बळ लागते, पुढे मिळवलेला वेग टिकवावा लागतो. आपले मूल कोठे कमी पडते, हे दोन आकड्यांवरूनच समजते.

पायांतील स्फोटक बळाची परीक्षा म्हणजे उभी उडी. अमेरिकेतील शारीरिक शिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांनी १९२१ साली तिची रीत मांडली. ती आजही घराच्या भिंतीवर करता येते. बोटांना खडू लावून, टाचा न उचलता, हात उंच करून पहिली खूण करावी. मग जागेवरूनच उडी घेऊन दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर ही आपली उडी. तीन प्रयत्नांतील सर्वोत्तम आकडा लिहावा.

मोबाईलच्या चित्रणावरूनही उडी मोजता येते. पाय हवेत असल्याचा काळ सेकंदांत घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १२२.६ ने गुणावे. उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळते. अर्धा सेकंद म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर. परंतु सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या चित्रणात एका चित्राची चूक झाली तरी ४ सेंटिमीटरचा फरक पडतो. २४० चित्रांच्या मंदगती चित्रणात तो अर्ध्या सेंटिमीटरवर येतो. उतरताना गुडघे पोटाशी घेतले तर काळ वाढतो आणि उडी खोटीच मोठी दिसते. तो काट्यात पासंग ठेवण्याचाच प्रकार होय!

आता सुधारणेकडे वळू. कोल्हापूरच्या तालमींतील शेकडो बैठकांनी पायांना चिवटपणा येतो. वेगासाठी मात्र थोडे, पण पूर्ण जोराचे काम लागते. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती ठेवून, मातीच्या मैदानावर पाच-पाच उड्यांच्या तीन फेऱ्या कराव्यात. उतरताना पायांचा आवाज होऊ नये. २० ते ३० मीटरच्या चार-पाच धावा घ्याव्यात आणि दोन धावांमध्ये दोन-तीन मिनिटे थांबावे. दम लागलेल्या पायांनी धावल्यास दमसास वाढेल, वेग वाढणार नाही. आधी दहा मिनिटे अंग तापवणे आवश्यक आहे. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागल्यास उड्या थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांना सकाळचा सराव सोयीचा. सरावानंतर दूध व शेंगदाणे, आणि दिवसभराच्या जेवणात डाळी, उसळी व ताक असले, तर शाकाहारातूनही स्नायूंना पुरेसे पोषण मिळते.

महागड्या साधनांवाचून अडत नाही. नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या सर्वेश कुशारेने उंच उडीचा सुरुवातीचा सराव मक्याच्या भुशाच्या गादीवर केला. २०२५ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत त्याने २.२८ मीटर उडी मारून अंतिम फेरीत सहावे स्थान मिळवले.

तेव्हा घरात एक वही घालावी. तारीख, उडी, ३० मीटर आणि १०० मीटर असे चार रकाने पुरेत. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी, त्याच बुटांनी मोजावे. शेजारच्या मुलाचा आकडा त्या वहीत लिहू नये. मुलाची किंवा मुलीची तुलना तिच्याच मागील महिन्याशी व्हावी. चार-सहा महिन्यांच्या नोंदी झाल्याशिवाय कोणाच्या पायात वेग नाही, असे घरात कोणीही म्हणू नये.