पडद्यावरचे १३८८
प्रवरानगरला १९५० साली गाळप सुरू झाले, तेव्हापासून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखानदारीतले आकडे दहाच्या पायावर, म्हणजे दशमानातच लिहिले जात आले आहेत: काट्यावरचे टन, बॉयलरचा दाब, साखरेची पोती. आज गव्हाणीतला ऊस ओढणाऱ्या कॅरिअरची गती पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक संगणक) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) ठरवू शकतात, आणि आकडा दशमानात दिसावा की षोडशमानात (सोळाच्या पायावर, नऊनंतर ए ते एफ अक्षरे), हा सॉफ्टवेअरमधला एका क्लिकचा पर्याय असतो. तो क्षुल्लक मानला जातो, आणि इथेच घात होतो. अनेक ड्राइव्हना ५० हर्ट्झ सांगायचे तर ५००० पाठवावे लागतात. शेवटची दोन घरे अपूर्णांकाची. षोडशमानात तेच दिसते १३८८. त्यात ए ते एफपैकी एकही अक्षर नाही, म्हणून संशयही येत नाही. रात्रपाळीचा वायरमन ते १३.८८ हर्ट्झ असे वाचेल, पूर्ण वेगातली मोटर मंदावली असे समजेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. उलट षोडशमानाच्या चौकटीत कोणी ५००० टाइप केले, तर ड्राइव्हकडे २०४८० जातील. कमाल मर्यादा लावलेली असेल तर निभावेल. पण मर्यादा काही चुकीच्या वाचनावरचा इलाज नव्हे.

मग षोडशमान काढूनच टाका, असे कोणी म्हणेल. ते पटत नाही, कारण प्रत्येक आकडा मोजमाप नसतो. सीआयए ४०२ या प्रमाणित पद्धतीच्या ड्राइव्हचा स्थितिदर्शक आकडा (स्टेटस वर्ड) चालू असताना ५६७ आणि फॉल्टमध्ये ५६८ असू शकतो. दशमानात हा एकाचा फरक किरकोळ भासतो. षोडशमानात ०२३७ चे ०२३८ होते, आणि तिथला प्रत्येक अंक म्हणजे चार दिव्यांची ओळ: सातमध्ये चालू स्थितीचे तीन दिवे पेटलेले, आठमध्ये ते तिन्ही विझून एकटा फॉल्टचा पेटलेला. मेंटेनन्सवाल्याला हे एका नजरेत कळते.

पण सवयीच्या जोरावर सगळे षोडशमानात ठेवणाऱ्या प्रोग्रॅमरचे म्हणणेही अपुरे आहे. पडदा त्याच्यासाठी नसतो. रात्री तीनला कॅरिअर थांबल्यावर जो समोर उभा असतो, त्याच्यासाठी असतो. गती, दाब, तापमान दशमानात आणि एककासह. स्थिती आणि फॉल्ट कोड षोडशमानात. मित्सुबिशीत आकड्याआधी के किंवा एच येतो, सीमेन्समध्ये १६# लिहितात. ती खूण ऑपरेटरच्या पडद्यावरही उमटली पाहिजे. १३८८ च्या आधी नुसता एच असता तरी गैरसमज टळला असता. ऑफ सीझनला बेअरिंग, साखळ्या, गिअरबॉक्स तपासले जातात, त्याच यादीत पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याचे स्वरूप तपासण्याची एक ओळ हवी, आणि त्या तपासणीला वायरमनला सोबत बसवायला हवे.